ओठ आणि हिरडीमधले साडेदहा मिलिमीटर

थ्री-डी प्रिंटिंग करून किरण अडवणारी वस्तू बनवायची म्हटलं की बोलणं लगेच मटेरियलवर जातं. टंगस्टनचं फिलामेंट (प्रिंटरमध्ये घालायची तार) मिळतं का, बिस्मथचं कुठे मिळेल, शिशाइतकं अडवेल का? नाशिकच्या आमच्या डेंटल लॅबमध्ये आलेल्या या प्रकरणात मटेरियलचा प्रश्न तुलनेने सहज सुटला. घोळ झाला तो जागेचा आणि धातूच्या पुढे असलेल्या प्लास्टिकचा. लॅबवाले, दंतवैद्य आणि मेडिकल फिजिक्स शिकणारी मुलं हे वाचतील असं धरून सविस्तर लिहितो आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

रुग्ण आणि मागणी

निफाड तालुक्यातल्या एक वयस्कर आजी. आयुष्यभर मिश्री लावलेली. खालच्या ओठावर मधोमध एक जखम, काही केल्या भरेना. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा कर्करोग निघाला. मानेत गाठी नव्हत्या. अशा ठिकाणी शस्त्रक्रियेचा विचार आधी होतो, पण हृदयाचा त्रास जुना आणि आजींचं म्हणणं ठाम, ‘‘कापाकापी नको रे बाबा.’’ शेवटी ठरलं ते रेडिएशन, तेही इलेक्ट्रॉन बीमचं.

इलेक्ट्रॉनचा गुण असा की ते आत जाऊन थांबतात. फोटॉन, म्हणजे एक्स-रे, शरीरातून आरपार जात राहतात आणि वाटेत हळूहळू कमी होतात. इलेक्ट्रॉनची मजल मात्र ठरलेली असते. ९ एमईव्हीचा (एमईव्ही हे किरणांची ऊर्जा मोजायचं एकक) बीम मऊ ऊतीत साधारण साडेचार सेंटिमीटरवर संपतो. पण ओठ आहे दीड सेंटिमीटरचा. उरलेले तीन सेंटिमीटर जातात हिरडीत, जबड्याच्या हाडात, जिभेच्या टोकात. जबड्याच्या हाडाला जास्त डोस बसला तर पुढे हाड मरण्याचा धोका असतो, आणि तो त्रास रेडिएशन संपल्यावर कितीतरी महिन्यांनी डोकं वर काढतो. म्हणून ओठाच्या मागे, हिरडीच्या पुढे काहीतरी ढाल लागते.

रूढ पद्धत साधी आहे. शिशाचा पत्रा कात्रीने कापायचा, हाताने वाकवायचा, वितळलेल्या मेणात दोन-चारदा बुडवायचा आणि ओठामागे सरकवायचा. वर्षानुवर्षं हे चालत आलं आहे आणि चालतंही. पण कोपऱ्यावर मेण पातळ होतं, सुटतं, पत्रा रोज थोडा वेगळा बसतो. शिवाय शिसं शेवटी तोंडातच ठेवायचं. इलाज आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालणार होता. आजींचे खालचे पुढचे दात हलत होते. रेडिएशनच्या आधी असे दात काढून जखम भरू देतात, तसे ते काढले होते. त्यामुळे पत्र्याला टेकायला दातांची भिंतच उरली नव्हती.

एके दिवशी रेडिएशन विभागात डोसचं गणित बघणाऱ्या मेडिकल फिजिसिस्ट मॅडम लॅबमध्ये आल्या. हातात पत्र्याचा नमुना. ‘‘भाऊ, तुम्ही सर्जिकल गाइड प्रिंट करता, तसं हे टंगस्टनमध्ये प्रिंट करून मिळेल?’’

किती अडवायचं आहे, ते आधी

आमच्या धंद्यात आकार आधी आणि ताकद नंतर बघायची सवय असते. इथे उलट केलं आणि ते बरं झालं. गणित मॅडमनी टेबलावरच्या वर्क ऑर्डरच्या मागे मांडलं.

मऊ ऊतीत इलेक्ट्रॉन दर सेंटिमीटरला सुमारे २ एमईव्ही ऊर्जा गमावतो. ओठ दीड सेंटिमीटर, त्यावर अर्ध्या सेंटिमीटरचा बोलस, म्हणजे त्वचेलाही पूर्ण डोस मिळावा म्हणून बाहेरून ठेवायचा थर. हे दोन सेंटिमीटर ओलांडून आलेल्या ९ एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनकडे उरतात अंदाजे ५. शिशाचा ठोकताळा असा की एमईव्हीच्या आकड्याच्या निम्मे मिलिमीटर, वर खबरदारीचा एक. म्हणजे साडेतीन मिलिमीटर शिसं. ढालीच्या पुढच्या बाजूला ५ मिलिमीटर प्लास्टिक ठेवलं तर ते आणखी १ एमईव्ही खातं, धातूपर्यंत ४ पोचतात आणि शिसं ३ मिलिमीटर पुरतं.

आजींचा मुलगा द्राक्षबागायतदार, चौकस माणूस. त्याने विचारलं होतं, ‘‘लासलगावला कांद्यावर किरण मारतात, तेच का हे?’’ प्रश्न अगदी योग्य होता. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ केंद्र लासलगावला २००२ मध्ये सुरू झालं. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तिथे किरण देतात, आणि २००७ पासून अमेरिकेला जाणारे आंबेही तिथून प्रक्रिया होऊन गेले. पण तिथे आहे कोबाल्ट-६०, त्याचे गॅमा किरण १.१७ आणि १.३३ एमईव्हीचे. आकडा आमच्या इलेक्ट्रॉनपेक्षा लहान दिसतो, पण ते गॅमा निम्मे करायलाच सुमारे १२ मिलिमीटर शिसं लागतं. म्हणून तिथे जाड काँक्रीटच्या भिंती असतात. आम्ही शेवटी धातूची जी पट्टी बनवली तिच्यातून ते बहुतेक सगळे पार झाले असते. कुठले किरण, हे न विचारता ‘रेडिएशन शील्डिंग’चं मटेरियल निवडणं म्हणूनच निरर्थक आहे. न्यूट्रॉन असते तर गोष्ट आणखी निराळी होती. तिथे हायड्रोजन भरपूर असलेलं प्लास्टिक आणि बोरॉन कामाला येतात, शिसं जवळपास बघ्याची भूमिका घेतं.

फिलामेंट बाद, छर्रेही बाद

टंगस्टनची घनता १९.३, शिशाची ११.३४. कागदावर टंगस्टन जिंकतो. पण बाजारात मिळणारं टंगस्टनचं फिलामेंट म्हणजे प्लास्टिकमध्ये मळलेली टंगस्टनची पूड. साडेसात घनतेचं फिलामेंट धरा आणि आत पीएलए हे प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक आहे असं समजून हिशोब करा. वजनाने त्यात दहातले नऊ भाग टंगस्टन असतो, पण आकारमानाने जेमतेम ३५ टक्के. जाहिरातीत नव्वद टक्के छापतात तो आकडा वजनाचा. किरणांना मध्ये किती पदार्थ आला याच्याशी मतलब, आणि तो हिशोब घनता गुणिले जाडी असाच करावा लागतो.

त्यात प्रिंटिंगचा स्वभाव. फिलामेंटवाला प्रिंटर दोऱ्याशेजारी दोरा टाकत जातो. स्लायसरमध्ये, म्हणजे प्रिंटची आखणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, इन्फिल (आतला भराव) शंभर टक्के केलं तरी दोऱ्यांच्या मध्ये, भिंत आणि भराव मिळतात त्या सांध्यात, बारीक पोकळ्या राहतात. जिगला किंवा मॉडेलला त्याने काही फरक पडत नाही. इथे पडतो, कारण ढालीची खरी जाडी म्हणजे तिच्या सगळ्यात पातळ जागेची जाडी. थर ज्या दिशेने टाकले त्याच दिशेने बीम आला तर सगळे सांधे एका ओळीत येऊ शकतात. शिवाय ही पूड पितळी नोझल भराभर खाते, त्यामुळे कडक पोलादी नोझल लावावं लागतं आणि तरी ते मधूनमधून तुंबतं. आणि पीएलए साठ अंशाच्या आसपास मऊ पडतं. एप्रिलमध्ये नाशिकमधल्या द्वारकेच्या सिग्नलला उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली ट्रे वाकलेली मी पाहिली आहे. तोंडात जाणारी, रोज निर्जंतुक करायची वस्तू त्यात नको.

दुसरा मार्ग मॅडमच्याच वाचनातला. स्टॅनफर्डच्या गटाने २०१९ मध्ये इलेक्ट्रॉन बीमचे कटआउट, म्हणजे बाहेरून क्षेत्राला आकार देणाऱ्या जाड चकत्या, अशाच बनवल्या होत्या. प्लास्टिकचं पोकळ कवच प्रिंट करायचं आणि आत २ मिलिमीटर व्यासाचे टंगस्टनचे छर्रे ओतायचे. कल्पना सुंदर आहे. एरवी हे कटआउट सेरोबेंड नावाच्या मिश्रधातूचे ओततात. तो ७० अंशाला वितळतो, पण त्यात शिसं आणि कॅडमियम दोन्ही असतात. वितळवणाऱ्याच्या नाकातोंडात काय जातं ते वेगळं सांगायला नको. छर्रे ओतून-हलवून भरले की साठ-चौसष्ट टक्के जागा व्यापतात, म्हणजे टंगस्टनची सरासरी घनता शिशाच्या जवळपास जाते.

पण हे जाड चकतीला ठीक. आमची ढाल तीन-चार मिलिमीटरची. दोन मिलिमीटरच्या छर्‍यांचे त्यात फार तर दोन थर बसणार, आणि भिंतीला टेकलेले छर्रे कधीच दाट बसत नाहीत. मधल्या फटी सरळ बीमच्या वाटेवर. बाद.

शुद्ध टंगस्टन लेझरने वितळवून प्रिंट करता येतो आणि ते उद्योगात चालतंही. सीटी स्कॅनरच्या डिटेक्टरसमोर बसणाऱ्या अगदी पातळ भिंतींच्या जाळ्या तशा बनतात. पण टंगस्टन वितळतो ३४२२ अंशाला, थंड होताना त्याला तडे जायची खोड आहे, आणि एका रुग्णासाठी एक नग कुणी करून देत नाही.

धातू घरचाच

इथे डेंटल लॅब असण्याचा फायदा झाला. तोंडात जाणारा, लेझरने थ्री-डी प्रिंट होणारा एक धातू आम्ही रोज हाताळतो: कोबाल्ट-क्रोम. कॅप-ब्रिजच्या कोपिंग (आतली धातूची टोपी) आणि पार्शल डेन्चरच्या, म्हणजे काही दातांच्या कवळीच्या, फ्रेम आता मेण जाळून ओतण्याऐवजी बारीक पूड थराथराने लेझरने वितळवून बनतात. मशीन आमच्याकडे नाही. बहुतेक लॅबप्रमाणे आम्हीही फाइल पाठवतो आणि नग मागवतो. घनता साडेआठच्या आसपास. शिशापेक्षा कमी, पण ३ मिलिमीटर शिशाइतकं वस्तुमान बीमच्या वाटेवर आणायला ४ मिलिमीटर कोबाल्ट-क्रोम पुरतं. एक मिलिमीटर जास्त देऊन शिसंही टळतं, पुडीचं प्लास्टिकही टळतं, आणि धातू तोंडात चालतो का या प्रश्नाचं उत्तर दंतवैद्यकाने आधीच देऊन ठेवलेलं आहे.

‘कोबाल्ट’ ऐकल्यावर मुलाच्या कपाळावर आठ्या आल्या. लासलगावचं नुकतंच बोलणं झालं होतं ना. मॅडमनी समजावलं ते असं: डेंटल धातूतला कोबाल्ट हा कोबाल्ट-५९, स्थिर. तो कोबाल्ट-६० होतो अणुभट्टीत न्यूट्रॉन गिळल्यावर. इथे न्यूट्रॉन नाहीत आणि पट्टीपर्यंत पोचणारी ऊर्जा ४ एमईव्ही. तेवढ्यात कोबाल्ट किरणोत्सारी होत नाही. तरी पहिल्या सिटिंगनंतर त्याच्यासमोरच किरणोत्सार मोजणारा सर्व्हे मीटर पट्टीजवळ धरून दाखवला. मीटर खोलीतल्या नेहमीच्या पातळीवरच होता. अशा वेळी दहा मिनिटं समजावण्यापेक्षा मीटर दाखवणं जास्त कामाचं.

पुढचे पाच मिलिमीटर

आता त्या प्लास्टिककडे येतो, कारण या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

इलेक्ट्रॉन जड धातूवर आदळला की तो नुसता थांबत नाही, काही इलेक्ट्रॉन मागे उसळतात. अणुक्रमांक जितका मोठा तितकी उसळी जास्त. शिशासमोर उघडी ऊती असेल तर दोघांच्या सांध्यावरचा डोस ३० ते ७० टक्क्यांनी वाढू शकतो. म्हणजे हिरडी वाचवायला ठेवलेला पत्रा ओठाची आतली नाजूक त्वचा भाजून काढणार. मेणाचा थर देतात तो याचसाठी, केवळ शिशाचा स्पर्श नको म्हणून नव्हे. कोबाल्टचा अणुक्रमांक २७, क्रोमियमचा २४, शिशाचा ८२. त्यामुळे आमच्या पट्टीवरून उसळी मुळातच कमी. जी उरते ती पुढच्या प्लास्टिकने खायची.

शिशासमोर सेंटिमीटरभर प्लास्टिक दिलं तर उसळी बहुतेक जिरते. पण ओठ आणि हिरडीमध्ये धातू, मागचं आवरण आणि वर सेंटिमीटरभर प्लास्टिक कोंबायचं म्हणजे ओठ इतका ताणायचा की जखम तडकेल. शिवाय ताणलेला ओठ पातळ होतो, मग वरचं सगळं गणित बदलतं. दात काढलेले असल्यामुळे थोडी जागा मिळाली होती. दंतवैद्य मॅडमनी तोंडात मेणाचे वेगवेगळ्या जाडीचे तुकडे ठेवून आजींना विचारत विचारत हद्द शोधली. शेवटी पुढे ५, धातू ४, मागे दीड, असे साडेदहा मिलिमीटर ठरले. हे साडेदहा म्हणजे आजींच्या तोंडाचं माप. ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही, आणि दुसऱ्या रुग्णाला तसंच लावू नये.

प्रिंटिंगचं खरं काम इथे सुरू होतं. मेणात बुडवून सगळीकडे ५ मिलिमीटर कुणालाच जमणार नाही. फाइलमध्ये मात्र पुढची भिंत ५, मागची १.५, कडा गोल, हिरडीकडची बाजू स्कॅनप्रमाणे, ओठाकडची बाजू गुळगुळीत, हे सगळं ज्याचं त्याला देता येतं.

बनवणं

अल्जिनेटच्या लगद्याने माप घ्यायचा विचार सोडला. जखमेवरून ओठ ओढून ट्रे घालणं आजींना सोसलं नसतं. तोंडात फिरवायच्या इंट्राओरल स्कॅनरने हिरडी आणि ओठाची आतली बाजू स्कॅन केली, अंडरकट (वस्तू अडकेल अशा खाचा) ब्लॉक केले आणि त्यावर ढाल उभी केली.

आवरण डेंटल रेझिनमध्ये, पण दोन भागांत: एक डबी आणि एक झाकण. बंद पोकळ वस्तू एकसंध प्रिंट करायचा मोह होतो, तो टाळावा. आत अडकलेलं ओलं रेझिन धुतलं जात नाही, क्युअर होत नाही, म्हणजे उजेडाने कडक होत नाही, आणि पुढे कधीतरी झिरपून तोंडात येतं. दोन भाग आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) स्वच्छ धुतले, पूर्ण क्युअर केले, मग पट्टी आत ठेवून सांध्यावर तेच रेझिन लावून लाइटने कडक केलं. सपोर्ट सगळे हिरडीच्या बाजूला आणि तेही खालच्या कडेला दिले, म्हणजे घासण्याची खूण ओठाला लागणार नाही. पट्टी आणि डबीमध्ये राहिलेली फट थोड्या फ्लोएबल रेझिनने भरली, नाहीतर पट्टी आत खुळखुळते. समोर एक छोटी दांडी ठेवली, ओठाबाहेर येणारी. तिच्यावर मधली रेघ कोरली. ती बाहेरच्या खुणेशी जुळली की ढाल कालच्याच जागी बसली असं समजायचं.

पट्टीचं क्षेत्र पाच बाय अडीच सेंटिमीटर, म्हणजे वजन बेचाळीस ग्रॅमच्या घरात. हातात घेतली तर चटकन जाणवतं. आजी म्हणाल्या, ‘‘पोरा, ही तर नथीपेक्षा जड आहे की.’’ पण खाली हिरडीवर नीट टेकत असल्यामुळे बसवल्यावर त्यांनी तक्रार केली नाही.

तपासणी

लेझरने प्रिंट केलेला धातू जवळपास भरीव असतो. जवळपास या शब्दावर ढाल सोडता येत नाही. आमच्या आरव्हीजीच्या, म्हणजे दातांच्या डिजिटल यंत्राच्या, एक्स-रेला ४ मिलिमीटर कोबाल्ट-क्रोमच्या आत डोकावायला दम पुरत नाही, सगळं पांढरंफट्ट दिसतं. म्हणून आधी सगळ्यात स्वस्त चाचणी केली. पट्टी हवेत तोलली, मग बारीक दोऱ्याने पाण्यात बुडवून तोलली. दोन वजनांच्या फरकावरून आकारमान निघतं आणि त्यावरून घनता. पाच घनसेंटिमीटरच्या पट्टीत एक टक्का पोकळी असेल तर वजनात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास फरक पडतो, आणि तो लॅबच्या काट्यावर सहज दिसतो. पण ही सरासरी झाली. सुईच्या टोकाएवढं आरपार छिद्र यात सापडत नाही. त्यासाठी मॅडमनी पट्टी लिनॅकच्या (रेडिएशन देणारं यंत्र) पोर्टल इमेजरसमोर ठेवून मेगाव्होल्टेज एक्स-रेने चित्र काढलं. रंग सगळीकडे एकसारखा आला.

मग खरी परीक्षा. ओठाऐवजी तेवढ्याच जाडीच्या टिश्यू-इक्विव्हॅलंट, म्हणजे ऊतीसारखेच किरण अडवणाऱ्या, स्लॅब, मागे ढाल, पुढे-मागे गॅफक्रोमिक फिल्मच्या पट्ट्या, आणि ९ एमईव्हीचा बीम. ही फिल्म मुळात पिवळसर असते, डोस बसला की हिरवट-काळपट होत जाते. ढालीमागची पट्टी पिवळीच राहिली. पूर्ण कोरी नाही, कारण इलेक्ट्रॉन धातूत थांबताना थोडे एक्स-रे तयार होतातच आणि ते पार जातात. पुढच्या पट्टीवर ओठ आणि ढालीच्या सांध्याशी गडदपणा जास्त आहे का, ते मॅडमनी स्कॅनरवर मोजलं आणि त्यांना चालण्यासारखं वाटलं. हा निर्णय त्यांचा आणि रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टचा. लॅबने त्यात मत देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. छान बसणारी वस्तू आणि पुरेसं अडवणारी वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण लॅबवाले पहिलीवर फार लवकर खूश होतो.

फिल्मने एक गोष्ट मात्र उघड केली. ढालीच्या कडेने मागे एक बारीक गडद किनार आली होती. कारण साधं होतं. रेझिनचं आवरण पट्टीच्या बाहेर दीड-दोन मिलिमीटर जातं, त्या किनारीत धातूच नाही. बाहेरून बघणाऱ्याला ढाल जेवढी दिसते तेवढी ती नसते. दुसऱ्या प्रतीत पट्टीची नेमकी हद्द आवरणावर कोरून घेतली आणि बीमचं क्षेत्र त्या रेघेच्या आत ठेवलं. पारदर्शक रेझिन घेतलं असतं तर हे आपोआप दिसलं असतं. पुढच्या वेळी तेच घेऊ.

वापर आणि हद्द

ढाल रोज वापरानंतर धुऊन क्लोरहेक्सिडीनमध्ये ठेवली जायची. उकळायची नाही, ऑटोक्लेव्ह नाही. इलाज चालू असताना ओठावर खपल्या धरल्या, सोलवटला, ते अपेक्षितच होतं. दंतवैद्य मॅडम दर आठवड्याला हिरडी बघत होत्या, ढालीमागे व्रण आला नाही. हाडाबद्दल आत्ताच काही म्हणता येणार नाही, त्याला वेळ जावा लागतो. एका रुग्णावरून पद्धत सिद्ध होत नाही हेही उघड आहे.

त्यानंतर आमच्याकडे विचारणा आली ती गालाच्या आतल्या कर्करोगासाठी. गुटखा खाणारा तरुण, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, सबम्यूकस फायब्रोसिसमुळे गाल ताठ झालेला. गाल आणि दाढांच्या मध्ये साडेदहा मिलिमीटर जाणं शक्यच नव्हतं. पुढचं प्लास्टिक कमी केलं तर उसळी गालाला लागणार, धातू कमी केला तर हिरडीला. एमईव्ही कमी केले तर बीम गाठीच्या तळापर्यंत पोचणार नाही. स्कॅनर तोंडात घालून पाहिला, तोही मागच्या दाढेपर्यंत गेला नाही. ते काम आम्ही घेतलं नाही, आणि त्या रुग्णाचं रेडिएशन दुसऱ्या पद्धतीने, फोटॉनने, ठरलं.